फिरकीचा तांब्या

गोजरबाईने पितळेचा तांब्या तिकिटाच्या खिडकीवर पुन्हा एकदा आपटला. आतून कोणी बोललं नाही. खिडकीच्या फळीवर खडूने काहीतरी लिहून ठेवलेलं होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखव असं कोणाला म्हणायची तिची तयारी नव्हती.

“माय, संप हाय,” तिचा लेक ग्यानबा म्हणाला. “सगळ्या देशात गाड्या उभ्या हायत. तिथं लिव्हलंय तसं.”

“लिव्हलंय ते मला दिसून राहिलं. माणूस कुठं हाय ते इचारते मी.”

हिंगोलीच्या स्टेशनात माणूस नव्हताच. फलाटावरच्या लिंबाखाली दोन शिपाई बंदुका मांडीवर घेऊन पेंगत होते आणि रुळांच्या मधोमध एक शेळी, जणू तिच्यासाठीच गाड्या बंद केल्या आहेत अशा थाटात, वाळकी पानं वेचत होती. मे महिन्याचं ऊन. खडीतून वाफ निघत होती.

गोपीचंद आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसला होता. हा पोरगा औंढ्याकडचा. अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, समुद्राच्या काठी पाहुण्यांसाठी एक सरकारी बंगला आहे. तिथे हा स्वयंपाकी, आणि गोजरबाईचा जावई संतराम देखरेखीला. कलकत्त्याचे, मद्रासचे पैसेवाले लोक तिथे हवा खायला येतात, नारळाखाली आरामखुर्च्या टाकून दिवसभर पाण्याकडे बघत बसतात. रजेवर आल्यावर गोपीचंदने हे कौतुकाने सांगितलं, तेव्हा गोजरबाई म्हणाली होती, “त्येंच्या घरी काम नसंल.”

त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत तिची मिरा खाटेवर पडून होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तिसरं आठव्या महिन्यापर्यंत आलं होतं, आणि डॉक्टरने पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून तिला बोटीत घालून माहेरी आणता येत नव्हतं. संतराम दिवसभर पाहुण्यांच्या मागे. पोरीला पाणी द्यायला कोणी नाही. तिने गोपीचंदजवळ एवढाच निरोप दिला होता: मायला म्हणावं, यंदा मला भेव वाटून राहिलं.

भेव वाटतं असं म्हणणारी पोरगी नव्हती ती. विंचू चावला तेव्हाही आधी चूल विझवून मग सांगायला आली होती.

“गोप्या, बोट थांबत न्हाई का थोडी?” गोजरबाईने विचारलं.

“बोट काय आपली बैलगाडी हाय का मावशी? रविवारी मद्रासहून सुटती म्हणजे सुटती. पुढची कवा, ते खुद बोटवाल्यालाबी ठाऊक नसतं. पाऊसकाळ लागला की दर्या खवळतो. तवर तर...”

“तवर मिरा मोकळी व्हईल. का व्हायचं ते व्हईल. बोल ना, तोंडात काहून धरून बसला?”

गोपीचंदने मान खाली घातली. येताना त्याने संतरामच्या सांगण्यावरून बोटीत एका बाईची जागा राखून ठेवली होती. नाव मद्रासला गेल्यावर लिहायचं होतं. सगळा हिशेब चोख होता. हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून सिकंदराबाद, तिथून मद्रास, रेल्वेच रेल्वे. त्या हिशेबात संप कुठेच नव्हता.

“एश्टीनं नांदेड गाठू,” ग्यानबा म्हणाला.

“एश्टीच्या टपावर माणसं बसून राहिलीत,” गोपीचंद म्हणाला. “सकाळी बघितलं मी. पण मोंढ्यात चांदभाईचा ट्रक हळद भरून राहिलाय. रातभर चालून सकाळी हैद्राबाद. तिथून मद्रासची बस भेटती. केबिनमधी जागा भेटली तर बोट सापडंल. दुसरा रस्ता न्हाई.”

गोजरबाईने तांब्याच्या झाकणाची फिरकी घट्ट केली. काही नव्हतं सैल, तरी केली.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की गोजरबाई एसटीत बसत नाही. कोंबड्या, करडं आणि माणसं एका खुराड्यात कोंबतात, तिथे आपण कशाला जायचं, असं ती म्हणे. आणि ज्याच्या घरी दोन बैलजोड्या आहेत त्याला हे म्हणायला शोभतही होतं. कळमनुरीच्या बाजाराला ती बैलगाडीने जाई. रेल्वे तिला सोसत असे, कारण रेल्वे सरळ चालते. पण लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्यासोबत निझामाच्या बसमध्ये बसून ती नांदेडला निघाली होती, आणि वाटेत ओकून ओकून बेशुद्ध पडली होती. नवऱ्याने कोणाची तरी गाडी मागून तिला घरी आणलं. आठवडाभर ती अंथरुणावरून उठली नव्हती. तो बिचारा हे कोणाजवळ बोलला नाही आणि न बोलताच वर गेला. आता ही गोष्ट आपल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, अशी गोजरबाईची समजूत होती.

“मावशी, तुमाला गाडी तर लागत न्हाई ना?” गोपीचंदने विचारलं.

“मला काय धाड भरली? चल, दाव तुझा ट्रक.”

मोंढ्यात हळदीचा पिवळा धुरळा उडत होता. हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. चांदभाई कळमनुरीचाच, पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावलेला. त्याने गोजरबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग आकाशाकडे पाहिलं.

“अम्मा, केबिन में एकीच औरत की जगा है. ये तुमारा पोट्टा क्लीनर के बाजू में बैठेगा. पन मेरेकू रुकना नै आता. सुबू माल उतारना है.”

“तुला कोण थांब म्हणालं?”

“पानी, पेशाब...”

“पाणी माझं माझ्यापाशी हाय. बाकीचं मी बघते. तू रस्त्याकडं बघ.”

चांदभाई हसला. “हौ, अम्मा.”

ग्यानबाने तिचं गाठोडं वर दिलं. त्यात दोन लुगडी होती, आणि बाकी सगळं मिरासाठी: डिंक, अळीव, खोबरं, बाळंतशोपा, जुन्या मऊ धोतराची दुपटी. तो चाकाजवळ घुटमळत राहिला.

“माय, मी येऊ का संगट?”

“तू येऊन काय करतो? बाळंतपण करतो? बैलाला पाणी दाव अन् घरी जा.”

दिवस कलायला लागला तेव्हा ट्रक निघाला. गोजरबाईने निघायच्या आधी कोणाला दिसणार नाही असं एक लिंबू कमरेला खोचलं होतं आणि दाढेखाली लवंग धरली होती. तांब्या मांडीवर. नजर समोरच्या काचेवर. काचेच्या वर काबेच्या चित्राभोवती चमकीची झालर हलत होती. तिकडे बघायचं नाही हे तिने लगेच ठरवलं.

कयाधूचा पूल येईपर्यंत ती लवंग चावत राहिली. डिझेलचा वास, बिडीचा वास, आणि मागून पोत्यांमधून झिरपणारा हळदीचा तिखट वास. आयुष्यभर हळद शिजवलेली बाई, पण हा वास आज वेगळा होता. पुलावरून उतरताना ट्रक डावीकडे कलला, आणि तिच्या पोटात कोणीतरी रहाटाची दोरी सोडल्यासारखं झालं.

“थांबव.”

चांदभाईने थांबवलं. ती स्वतःची स्वतः उतरली, बाभळीआड गेली, तोंड धुऊन परत आली.

“सकाळचं वरण आंबलं होतं,” ती म्हणाली.

चांदभाईने हातातली बिडी बाहेर फेकून दिली आणि नंतर दुसरी पेटवली नाही.

पुढच्या वेळी ती स्वतः उतरू शकली नाही, गोपीचंदने हात दिला. त्याच्या पुढच्या वेळी तिने दारातूनच मान बाहेर काढली. पोटात काही उरलं नव्हतं, तरी पोट ऐकत नव्हतं. डोईवरचा पदर खांद्यावर आला, आणि तो सावरायचं तिच्या ध्यानात आलं नाही. इतक्या वर्षांत परक्या माणसांपुढे असं कधी झालं नव्हतं. चांदभाईने इंजिन बंद केलं.

“अम्मा, ये तो अब्बी कलमनुरी बी नै आया. मैं तुमकू ऐसा हैद्राबाद तक नै ले जाता.”

“चालू कर.”

“अम्मा...”

“चालू कर म्हणते ना. मरून राहिली का मी? पोरगी पडली हाय माझी तिकडं.”

चांदभाईने गोपीचंदकडे बघितलं, आणि ट्रक चालू केला, बैलगाडीपेक्षा जराच जास्त वेगाने. ती त्याची मेहरबानी होती. सकाळची वेळ त्याला गाठायची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“मावशी,” गोपीचंद हळू म्हणाला, “हे तर जमिनीवर हाय. बोट लई हालती. पयल्यांदा बसणाऱ्याला तर...”

“काय होतं?”

“कोणाकोणाची मान उतरेपतूर वर होत न्हाई. मागच्या खेपेला एका बाईला झोळीत घालून उतरवलं.”

“उतरल्यावर बरं वाटत असंल.”

“कोणाला वाटतं. कोणी आठ-आठ दिवस पडून राहतं. पोटात पाणी ठरत न्हाई.”

गोजरबाईने डोळे मिटले होते. ट्रक खड्ड्यातून गेला तेव्हा तिने तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

“अन् त्याचं कोण करतं?” तिने विचारलं. “पडून राहिलेल्याचं?”

“घरचंच कोणीतरी. कोण करणार दुसरं? उठून पाणी द्यायचं, पाय चेपायचे.”

तिच्या कमरेला खोचलेलं लिंबू सुटलं आणि घरंगळत क्लीनरच्या पायाखाली गेलं. त्याने उचलून पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

“चांद्या, बाबा,” ती म्हणाली, “कळमनुरीत शिरल्यावर उजव्या हाताला एक मोठा लिंब हाय, बाजूला तेलाचा घाणा. तिथं थांबव.”

“हौ, अम्मा.”

लिंबाजवळचं ते घर तिच्या विहिणीचं. अनुसयाबाई, संतरामची आई. नवरा नाही, दोन एकर कोरडवाहू, एक म्हैस, आणि आंधळी झालेली म्हातारी सासू. मिराचं लग्न याच अंगणात झालं, आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांत गोजरबाई या घरी तीनदाच आली होती. तिन्ही वेळा हा फिरकीचा तांब्या तिच्यासोबत होता. लेकीच्या मांडीवर लेकरू खेळल्याबिगर तिच्या घरचं पाणी आईबापाने पिऊ नये, हा नेम. नेम सगळेच पाळत. पण गोजरबाईचं पाळणं चार बायकांना ऐकू जाईल असं असे. अनुसयाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला की ती सगळ्यांदेखत आपल्या तांब्याची फिरकी फिरवायची, वरून तोंडात धार धरायची आणि म्हणायची, “तुमच्या इथं अजून माझ्या पाण्याची सोय झाली न्हाई, ईनबाई.” दुसरं लेकरू गेलं त्या साली तर तिने याहून कडू काहीतरी म्हटलं होतं. अनुसयाबाईने तेव्हा गडवा उचलला होता आणि आत नेऊन ठेवला होता. बस.

नेम असा काटेकोर पाळूनही दोन गेली होती.

अनुसयाबाई अंगणात म्हशीपुढे कडबा टाकत होती. ट्रक थांबला तशी तिने वळून पाहिलं. गोपीचंदचा खांदा धरून उतरणाऱ्या बाईला तिने आधी ओळखलंच नाही.

“ईनबाई? काय झालं? मिराचं काही...”

“मिराचं काही न्हाई.” गोजरबाईने लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. चांदभाई, क्लीनर, गोपीचंद, सगळे ऐकत होते. ऐकेनात का. “मला गाडी लागती.”

अनुसयाबाईने हातातला कडबा खाली ठेवला.

“ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“काय ठाऊक हाय?”

“लग्नाच्या वक्ताला तुमचं वऱ्हाड ट्रकातून आल्तं. तुमी उतरल्या अन् सरळ घाण्यामागं गेल्या. मी पाणी घेऊन आल्ते मागं. तुमी म्हणाल्या, पित्त झालंय.”

“अन् नऊ वर्षं कोणाजवळ बोलल्या न्हाई?”

“त्यात काय बोलायचं?”

गोजरबाईने विहिणीकडे बघितलं. एवढं हत्यार हातात असून या बाईने ते एकदाही उगारलं नव्हतं. आपण काय केलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“तुमी जा,” ती म्हणाली.

“मी?”

“मंग काय म्हातारीला धाडू? जागा एका बाईची हाय. नाव मद्रासला लिव्हायचं हाय. मी तिथवर गेले तर पोरगी खाटेवरून उठून माझंच करंल. तसली माय तिला नको. लवकर करा, याला सकाळी माल उतारायचाय.”

अनुसयाबाई आत गेली. आता ही लुगडं शोधणार, डबे धुंडाळणार, आणि ट्रक निघून जाणार, असं गोजरबाईच्या मनात येतं न येतं तोच ती बाहेर आली. हातात गाठोडं होतं. बांधलेलं. गाठीवर चुलीची राख आणि धूळ बसली होती.

“हे कवा बांधलं?”

“गोपीचंद निरोप सांगून गेला, त्याच दिशी.”

“मंग मला बोलल्या काहून न्हाई?”

“बाळंतपण मायच्या हातचं असतं,” अनुसयाबाई म्हणाली. “मी कशी मागू? म्हटलं, राहू द्यावं बांधून.”

चांदभाईने हॉर्न वाजवला नाही, पण इंजिन चालू केलं. गोजरबाईने आपलं गाठोडं सोडलं, त्यातली स्वतःची लुगडी खाली टाकली आणि बाकी सगळं तसंच बांधून विहिणीच्या हवाली केलं.

“डिंक जुना हाय, चांगला. अळीव रोज द्यायचे, पण बाळंत झाल्यावर. आधी न्हाई.”

“व्हय.”

“अन् हा घ्या.” तिने तांब्या पुढे केला. “बोटीत कसलं पाणी असंल, काय माहीत.”

अनुसयाबाईने तांब्याकडे पाहिलं. हात लगेच पुढे आला नाही. हा तांब्या तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. नेहमी तो समोरच्या बाईच्या तोंडावर उंच धरलेला असे.

“मंग तुमी?”

“मी हाय हितं. म्हातारीला अन् म्हशीला कोण बघंल? का ट्रकात घालून नेता त्येनलाबी?”

अनुसयाबाईने तांब्या घेतला. “आत्याला भाकर दुधात कुस्करून लागती. तिखट चालत न्हाई. अन् ती रातीची हाका मारती, घाबरू नका.”

“मी कशाला घाबरते?”

“मिराला काय सांगू?”

गोजरबाईने पदर डोईवर ओढून घेतला. सावकाश घेतला, जणू तेवढ्यासाठीच ती इथे उतरली होती.

“म्हणा, मायला हळदीच्या कामातून फुरसत झाली न्हाई.”

अनुसयाबाई केबिनमध्ये चढली. तिने लुगडं सावरलं, तांब्या मांडीवर घेतला, आणि मग खाली वाकून म्हणाली, “तसं न्हाई सांगणार मी. सांगते, तुझी माय कळमनुरीपतूर आल्ती.”

ट्रक गेला. पुढच्या वळणावर मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला, मग तेलाच्या घाण्याची भिंत आड आली. म्हैस नव्या बाईकडे मान वळवून बघत राहिली.

गोजरबाई आत आली. घर बुटकं होतं. चौकटीशी ती वाकली. नऊ वर्षांत ती ओसरीच्या आत आलीच नव्हती. चूल कुठे, कंदील कुठे, काही ठाऊक नव्हतं. हाताने चाचपत तिने फळीवरची काडेपेटी शोधली आणि दिवा लावला. कोपऱ्यात रांजण होता, त्याच्या लाकडी झाकणावर पितळेचा गडवा उपडा घातलेला. तोच गडवा. घासून घासून त्याचा काठ पातळ झाला होता.

“अनुसया,” खाटेवरून म्हातारीचा आवाज आला. “कशाचा गलका झाला गं? पाणी दे मला.”

गोजरबाईने झाकण काढलं, गडवा बुडवला. म्हातारीच्या मानेखाली हात घालून तिला बसतं केलं आणि गडवा ओठाला लावला. म्हातारी लहान लेकरासारखी, दम घेत घेत प्याली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी गोजरबाईने आपल्या पदराने पुसलं. म्हातारीने तो पदर चिमटीत धरला, सोडला. तिला काही कळलं की नाही, समजलं नाही.

“तू प्यालीस का?” तिने विचारलं.

गोजरबाईच्या तोंडात दुपारपासूनची कडू चव होती. जीभ टाळ्याला चिकटली होती. ती रांजणाजवळ उभी राहिली. दूर रस्त्यावर अजून एखादी गाडी चालल्यासारखी घरघर येत होती. घरघर थांबेपर्यंत ती तशीच उभी होती.

“न्हाई ना प्यालीस?” म्हातारी म्हणाली. “आधी पी. दिवसभर राबून राहते, पाण्याची सुध न्हाई तुला.”

“पिते,” गोजरबाई म्हणाली, आणि तिने गडवा पुन्हा बुडवला.